'मेड इन जपान'ची डबल एलपी संगणकात उतरवताना: चरा काढा, टाळी ठेवा

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची 'मेड इन जपान' ही प्रत्यक्ष कार्यक्रमांत मुद्रित झालेली डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्यांची रेकॉर्ड, संगणकात उतरवायची असेल, तर स्टुडिओतल्या रेकॉर्डची नेहमीची पद्धत तिला लागू पडत नाही. स्टुडिओच्या रेकॉर्डवर दोन गाण्यांच्या मध्ये रिकामी खाच असते. सॉफ्टवेअर ती शांतता हेरून गाणी आपोआप वेगळी करते, आणि त्या शांततेतली खरखर मोजून बाकीच्या गाण्यातून वजा करते. इथे अशी शांतता जवळजवळ नाहीच. गाणे संपते तिथे टाळ्या सुरू होतात, आणि टाळ्या पुरत्या ओसरायच्या आत पुढच्या गाण्याची तयारी कानावर येते. त्यात टाळी हा अचानक उठून क्षणात संपणारा कोरडा आवाज, आणि रेकॉर्डवरच्या चऱ्याची 'टक'ही तशीच. सगळे सॉफ्टवेअरवर सोपवले तर चऱ्याबरोबर प्रेक्षकही पुसले जातात. त्यानंतर जे उरते त्याला मैफल म्हणता येत नाही.

म्हणून इथे सगळा भर रेकॉर्डिंगच्या आधीच्या तयारीवर आहे. रेकॉर्ड नीट धुतलेली असेल आणि सुई नीट बसवलेली असेल, तर नंतर संगणकात करायचे काम चौथ्या हिश्श्यावर येते.

आधी रेकॉर्ड ओळखून घ्या

हे ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७२ मधल्या तीन कार्यक्रमांचे आहे: १५ आणि १६ तारखेला ओसाकाचे फेस्टिव्हल हॉल, १७ तारखेला टोकियोचे निप्पॉन बुडोकान. इयन गिलन गायला, रिची ब्लॅकमोर गिटारवर, जॉन लॉर्ड ऑर्गनवर, रॉजर ग्लोव्हर बेसवर आणि इयन पेस ड्रम्सवर. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने ते आठ ट्रॅकच्या यंत्रावर टिपले. ग्लोव्हर आणि पेस यांनी मिक्सिंग केले आणि नंतर स्टुडिओत वरून काही भरले नाही. इंग्लंडमध्ये एलपी डिसेंबर १९७२ मध्ये आली, अमेरिकेत १९७३ मध्ये. जपानमध्ये ती 'लाइव्ह इन जपान' या नावाने वेगळ्या कव्हरमध्ये निघाली, तेव्हा जुन्या मालात ते नाव दिसले तर वेगळी एलपी समजून बाजूला ठेवू नका.

चार बाजूंचा हिशेब कागदावर लिहून टर्नटेबलजवळ ठेवा. पहिली बाजू: 'हायवे स्टार' ६:४३ आणि 'चाइल्ड इन टाइम' १२:१७. दुसरी: 'स्मोक ऑन द वॉटर' ७:३६ आणि 'द म्यूल' ९:२८. तिसरी: 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' ९:५२ आणि 'लेझी' १०:२७. चौथ्या बाजूवर एकच गाणे, 'स्पेस ट्रकिन', १९:५४. म्हणजे बाजू साधारण १९, १७, २० आणि २० मिनिटांच्या. वेगवेगळ्या आवृत्त्यांवर छापलेल्या वेळा काही सेकंदांनी मागेपुढे असतात, त्याची काळजी नको.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात डबल एलपी घेताना दोन्ही तबकड्या बाहेर काढून बघा. एक तबकडी दुसऱ्याच आवृत्तीची असणे हे नेहमीचे आहे. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले क्रमांक दोन्हींवर एकाच मालिकेतले हवेत. ब्रिटिश आवृत्तीवर पर्पल रेकॉर्ड्सचा टीपीएसपी ३५१ हा क्रमांक असतो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पृष्ठभाग बघा. केसासारख्या बारीक रेघा चालतील. बोटाचे नख हलकेच फिरवल्यावर जो चरा नखाला लागतो, तो मात्र सुईलाही लागणार. सर्वात जास्त लक्ष लेबलाजवळच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरवर द्या. 'चाइल्ड इन टाइम'चा कळस आणि 'स्पेस ट्रकिन'चा शेवटचा गदारोळ तिथेच आहे. जुन्या जड टोनआर्मने (सुई धरणाऱ्या दांड्याने) वर्षानुवर्षे वाजवलेल्या रेकॉर्डवर तो पट्टा राखाडी, मळकट दिसतो. ती झीज असते, धुऊन जात नाही.

धुणे

साधारण १ लिटर द्रावणासाठी ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोग्राफीच्या डार्करूममध्ये वापरतात ते वेटिंग एजंट १ मिलिलिटर घ्या. वेटिंग एजंट मिळाला नाही तर तसेच चालवा, पण भांड्यांचा साबण घालू नका. त्यातला रंग आणि सुगंध खाचेत थर धरून राहतो. नळाचे पाणीही नको. पाण्यातला क्षार वाळला की पांढरी पूड होते आणि तीच नंतर खरखरते. हे द्रावण फक्त व्हिनिलसाठी. घरात ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल लावूच नका, पृष्ठभाग विरघळतो.

आधी कार्बन फायबरच्या ब्रशने कोरडी धूळ काढा. लेबलावर प्लॅस्टिकचे गोल झाकण धरा. मऊ ब्रशने द्रावण लावून खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवे घासू नका. प्रत्येक बाजूला दोन मिनिटे द्या. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळा आणि नव्या मायक्रोफायबर फडक्याने, तेही खाचेच्या दिशेनेच, टिपून घ्या. भांड्यांच्या रॅकमध्ये उभी ठेवून वाळवा. उन्हात नको, व्हिनिल वाकते. पंख्याखालीही नको, ओल्या खाचेत धूळ बसते. एरवी तासाभरात वाळते, पावसाळ्यात तीन तास धरा. कोकणात आणि मुंबईत कव्हरवर आणि कागदी पाकिटावर बुरशीचे ठिपके असतातच. धुतलेली रेकॉर्ड पुन्हा त्याच पाकिटात घातली तर श्रम वाया गेले. नवे अँटिस्टॅटिक पाकीट घाला आणि जुने पाकीट कव्हरमध्ये वेगळे जपून ठेवा.

सुई आणि टोनआर्म

लांबट टोकाची, म्हणजे इलिप्टिकल सुई हवी. ऑडिओ-टेक्निकाची एटी-व्हीएम९५ई २ ग्रॅम दाबावर चालते, ऑर्टोफॉनची २एम रेड १.८ ग्रॅमवर. दाब टोनआर्मवरच्या आकड्यांवर विश्वासून ठरवू नका. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, तो रेकॉर्डच्या उंचीवर ठेवून मोजा. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते असा समज आहे. प्रत्यक्षात उलटे होते. कमी दाबाची सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेची भिंत सोडते, पुन्हा आपटते आणि ती भिंत खरवडते. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या मधल्या आकड्याला किंवा किंचित वर राहा.

आता कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीचा, कोन. रेकॉर्डच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. लेबलाजवळ तोच वेग साधारण २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला असतो, आणि कोनातली बारीकशी चूकही तिथे 'स'च्या फुत्कारात आणि झांजांच्या चिरकण्यात ऐकू येते. कोन तपासायची पट्टी इंटरनेटवरून उतरवून छापा. छापताना आकार १०० टक्केच ठेवा आणि फूटपट्टीने खात्री करा. केंद्रापासून ६६ मिलिमीटर आणि १२०.९ मिलिमीटर या दोन बिंदूंवर कार्ट्रिजच्या कडा पट्टीवरच्या रेघांना समांतर आल्या पाहिजेत. दोन्ही एकदम जमत नसतील तर आतला ६६चा बिंदू अचूक करा. या एलपीला तोच उपयोगी आहे.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. जॉन लॉर्ड त्याचा हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा, आणि तो मुद्दाम फुटेपर्यंत. 'स्पेस ट्रकिन'मध्ये तो रिंग मॉड्युलेटरही लावतो, तेव्हा आवाज धातूसारखा वेडावाकडा होतो. पहिल्यांदा उतरवणारे इथे घाबरून सुई बदलायला धावतात. पारख सोपी आहे. सुईची विकृती बाजूच्या सुरुवातीला नसते आणि लेबलाकडे जाताना वाढत जाते. ऑर्गनची धार बाजूच्या पहिल्या मिनिटातही तितकीच असते आणि मुख्यतः डाव्या चॅनलमध्ये असते. या मिक्समध्ये ऑर्गन डावीकडे आणि गिटार उजवीकडे आहे. उलटे ऐकू आले तर कुठेतरी वायर उलटी लागली आहे.

वेग, आणि ऑर्गनवर विश्वास का ठेवू नये

टर्नटेबल ३३⅓ वर फिरते का हे आधी पाहा. १८० रेघांची स्ट्रोब तबकडी आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर स्थिर दिसली पाहिजे. त्यासाठी विजेच्या लयीत लुकलुकणारा जुना पिवळा बल्ब किंवा निऑनचा दिवा लागतो. बऱ्याच एलईडी दिव्यांत ती लुकलुक नसते. मोबाइल तबकडीवर ठेवून वेग मोजणारी अॅप्सही चालतात. वेग कमी येत असेल तर बहुतेक वेळा बेल्ट सैल झालेला असतो. नवा बेल्ट टाका.

काही जण गाण्याचा सूर ट्यूनरवर लावून वेग ठरवतात. या रेकॉर्डवर तो मार्ग धोक्याचा आहे. हॅमंड ऑर्गनची स्वरचक्रे फिरवणारी मोटर विजेच्या वारंवारतेला बांधलेली असते. वीज ५० ऐवजी ६० हर्ट्झची मिळाली तर त्याच ऑर्गनचा सूर तीन अर्धस्वरांपेक्षा थोडा जास्त वर चढतो. आणि जपानमध्ये ओसाका ६० हर्ट्झच्या भागात येते, टोकियो ५० हर्ट्झच्या! इंग्लंडहून नेलेल्या ऑर्गनला तिथे वीज जुळवून द्यावी लागते, आणि ती जितकी नेमकी जुळेल तितकाच सूर नेमका. ऑर्गनची पट्टी चटकन बदलता येत नाही, म्हणून गिटार आणि बेस त्याच्याशी जुळवून घेतात. सगळा वाद्यमेळ थोडा वर किंवा खाली असेल तर त्याचा दोष तुमच्या टर्नटेबलला देता येत नाही. १ टक्का वेग चुकला की सूर १७ सेंट हलतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तेवढा फरक दोन्ही कारणांनी पडू शकतो.

त्यापेक्षा वेळ मोजा. मूळ मिक्सवरून काढलेली एखादी सीडी किंवा स्ट्रीमिंगवरची आवृत्ती घ्या. २०२५ साली स्टीव्हन विल्सनने नव्याने केलेले मिक्स या कामाला घेऊ नका. 'लेझी'त ड्रमचा सुरुवातीचा एक ठळक ठोका आणि शेवटाकडचा एक निवडा, आणि दोन्ही फायलींत त्यांच्यामधले अंतर मोजा. दहा मिनिटांत ६ सेकंदांचा फरक म्हणजे १ टक्का. दीड-दोन सेकंदांपर्यंतचा फरक सोडून द्या, त्याहून जास्त असेल तर टर्नटेबल सुधारा. संगणकात वेग बदलण्यापेक्षा ते बरे.

जोडणी

क्रम असा: टर्नटेबल, फोनो प्रीअँप, ऑडिओ इंटरफेस (आवाजाचे आकडे करून संगणकाला देणारी पेटी), यूएसबी, संगणक. कार्ट्रिजमधून येणारा विद्युतसंकेत ४-५ मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कोरताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. प्रीअँप तो संकेत वाढवतो आणि ही चढउतार आरआयएए वक्राप्रमाणे सरळ करतो. हे एकदाच व्हायला हवे. टर्नटेबलमध्येच प्रीअँप असेल आणि मागचे बटण 'लाइन'वर असताना तुम्ही बाहेर दुसराही लावला, तर आवाज घुमटलेला, फुटका, नुसता बेसचा येतो. अजिबात प्रीअँप नसेल तर बारीक आणि पत्र्यासारखा येतो. टर्नटेबल ते प्रीअँप ही वायर १ मीटरपेक्षा लांब नको. लांब वायरने कार्ट्रिजवरचा भार बदलतो आणि झांजांची चमक जाते.

फोकसराइट स्कार्लेटसारख्या इंटरफेसवर इनपुट 'लाइन'वर ठेवा, 'इन्स्ट्रुमेंट'वर नाही. टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट लावा. ती सुटली की ५० हर्ट्झची सलग घरघर येते. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर किणकिण वाढत असेल तर बॅटरीवर चालवा. आणि रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकर बंद ठेवा, हेडफोन लावा. स्पीकरची थरथर तबकडीतून पुन्हा सुईत शिरते आणि ग्लोव्हरचा बेस फुगतो.

डावा-उजवा तोल या एलपीवरून ठरवता येणार नाही, कारण दोन्ही बाजूंना वेगवेगळी वाद्ये आहेत. घरात साठच्या दशकातली मोनो एलपी असेल, नाट्यसंगीताची, भावगीतांची, कुठलीही, तर ती लावा. दोन्ही चॅनलची पातळी सारखी येईपर्यंत इंटरफेसची बटणे फिरवा आणि त्यांच्या जागेवर पेन्सिलने खूण करा.

रेकॉर्डिंग

ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे, आणि फुकट आहे. विंडोजवर ऑडिओ होस्ट 'वासापी' निवडा, प्रोजेक्ट ९६ किलोहर्ट्झवर ठेवा, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्येही त्या उपकरणासाठी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच निवडा. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर मधे नकळत रूपांतर होते. एक बाजू साधारण ६९० मेगाबाइटची होईल, चारही मिळून २.६ गिगाबाइट. ४८ किलोहर्ट्झवरही उत्तम काम होते. ९६चा खरा फायदा चरे शोधताना होतो, कारण तिथे 'टक'चा आकार जास्त स्पष्ट दिसतो.

पातळी ठरवायला चौथ्या बाजूचा शेवट आणि पहिल्या बाजूचा 'हायवे स्टार' वाजवून बघा. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलला पोचेल इतकाच गेन, म्हणजे इंटरफेसच्या बटणाने दिलेली वाढ, ठेवा. त्यानंतर चारही बाजू संपेपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही. 'चाइल्ड इन टाइम' हलक्या ऑर्गनवर सुरू होते, तिथे पट्टी जेमतेम हलते आणि हात बटणाकडे जातो. जाऊ देऊ नका. थोड्या मिनिटांत गिलनचा आवाज शिखरावर पोचतो तेव्हा लाल दिवा लागेल, आणि कापला गेलेला आवाज परत आणता येत नाही.

सुई टेकण्याआधी रेकॉर्डिंग सुरू करा आणि सुई उचलल्यानंतर थांबवा. पूर्ण बाजू एका दमात घ्या. मोबाइल, मेल, अद्ययावतीकरण सगळे बंद. प्रत्येक बाजूनंतर सुईचे टोक ब्रशने मागून पुढे साफ करा. चारही बाजू झाल्या की ही कच्ची फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा आणि पुढचे सगळे काम तिच्या प्रतीवर करा.

चरा की टाळी

आता मुख्य काम. आधी २० हर्ट्झखालचे सगळे हाय-पास फिल्टरने काढा. वाकलेल्या तबकडीचा डोल तिथेच असतो. ३० हर्ट्झच्या वर जाऊ नका, बेसच्या सर्वात खालच्या तारेचा सूर ४१ हर्ट्झचा आहे आणि त्याला जागा हवी.

'नॉइज रिडक्शन' वापरू नका. त्याला नमुना म्हणून निव्वळ खरखरीचा तुकडा लागतो, आणि या एलपीवर तो फक्त सुई टेकल्यावरच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत मिळतो. तो लावला तर 'चाइल्ड इन टाइम'च्या सुरुवातीची खरखर जाते खरी, पण ऑर्गनच्या मागे भरून राहिलेला सभागृहाचा श्वासही जातो. टाळ्या पाण्यातून आल्यासारख्या बुडबुडतात. थोडी खरखर राहू द्या. संगीत सुरू झाले की कान ती विसरतो, बुडबुडणाऱ्या टाळ्या मात्र विसरत नाही.

चऱ्यांसाठी स्वयंचलित 'क्लिक रिमूव्हल' पूर्ण बाजूवर चालवण्याचा मोह टाळा. 'द म्यूल'मध्ये पेसचा लांबलचक ड्रम सोलो आहे. काठी चामड्यावर पडते तो पहिला क्षण सॉफ्टवेअरला चराच वाटतो. तो कापला की ड्रम पुठ्ठ्यासारखा वाजतो. 'स्मोक ऑन द वॉटर'च्या सुरुवातीला प्रेक्षक टाळ्या धरतात, तिथेही तेच होते.

हाताने करा. 'टक' ऐकू आली की तिथे थांबून २० मिलिसेकंद एवढाच भाग पडदाभर मोठा करा. चरा असेल तर लाटेच्या अंगावर एक-दोन सरळ, टोकदार रेघा उभ्या दिसतात. १ मिलिसेकंदाच्या आत खेळ संपतो, मागे शेपूट नसते, लाट जिथे तुटली तिथून पुढे निमूट चालू लागते. पुष्कळदा डाव्या चॅनलमध्ये रेघ वर असते तेव्हा उजव्यात खाली असते, कारण चरा सुईला उभा झटका देतो. टाळी वेगळी दिसते. उठते एकदम, पण उतरते खडबडीत, पडदा संपला तरी तिची शेपूट चालूच असते, आणि मागून सभागृहाच्या भिंतींवरून आलेले तिचे छोटे प्रतिध्वनी दिसतात. एकदा दोन्ही शेजारी शेजारी बघितल्या की पुन्हा चूक होत नाही.

तरीही शंका आली तर घड्याळ वापरा. तबकडीला एका फेरीला १.८ सेकंद लागतात. अनेक खाचांवरून आडवा गेलेला चरा नेमका दर १.८ सेकंदांनी येतो. प्रेक्षक इतक्या शिस्तीत टाळी वाजवत नाहीत. एक 'टक' सापडली की १.८ सेकंद मागे आणि पुढे जाऊन बघा, बाकीच्या सापडतीलच.

सापडलेली रेघ निवडून 'रिपेअर' द्या. हे साधन एका वेळी आवाजाचे १२८ नमुनेच (सॅम्पल) दुरुस्त करते. ९६ किलोहर्ट्झवर तेवढ्यात सव्वा मिलिसेकंदापेक्षा थोडे जास्त बसते, म्हणजे बहुतेक चऱ्यांना पुरते. निवड रेघेपुरतीच घट्ट ठेवा. तुलनेने बऱ्या रेकॉर्डवर एका बाजूला तास-दीड तास जातो. तो द्या.

चरे शेकड्यांनी असतील आणि स्वयंचलित साधनाशिवाय गत्यंतर नसेल, तर ते लहान तुकड्यांवर चालवा आणि काय कापले गेले ते ऐका. दुरुस्त ट्रॅक आणि मूळ ट्रॅक एकाखाली एक ठेवा, एकाला 'इन्व्हर्ट' करा आणि दोन्ही एकत्र मिसळा. उरेल ते म्हणजे तुम्ही फेकलेला कचरा. त्यात नुसते टकटक आवाज असतील तर ठीक. त्यात ड्रमचा ठेका ओळखू येत असेल, तर तुम्ही पेसला कापले आहे. तीव्रता कमी करून पुन्हा करा.

अँप्लिफायरची घूं, गिटारचा फीडबॅक, गाण्यांच्या मध्ये गिलनने मॉनिटरबद्दल (कलाकारांसाठीच्या मंचावरच्या स्पीकरबद्दल) केलेली बोलणी यांना हात लावू नका. सर्वांचा आवाज सर्वांपेक्षा मोठा हवा, ही जगभर म्हण होऊन बसलेली मागणी याच बोलण्यात आहे.

गाणी तोडणे आणि बाजू जोडणे

गाणे कुठे तोडायचे? टाळ्या ओसरून पुढच्या गाण्याचा पहिला सूर किंवा पहिले बोलणे सुरू होण्याआधी, अगदी लगत. म्हणजे 'लेझी' एकटे लावले तर ते थेट सुरू होते आणि आधीच्या टाळ्या आधीच्या गाण्याजवळ राहतात. 'झेड' दाबून शून्यरेषेवर या, तिथे लेबल टाका आणि लेबलांवरून एकदम सगळ्या फायली एक्सपोर्ट करा. तोडलेल्या जागी फेड (आवाज हळूहळू चढवणे किंवा उतरवणे) देऊ नका. सलग वाजवताना मधे खड्डा पडतो.

बाजूंच्या टोकांचे वेगळे आहे. तिथे सुरुवातीला अर्धा सेकंद आणि शेवटी टाळ्यांबरोबर उतरणारा तीन-चार सेकंदांचा फेड द्या, पुढे तीन सेकंद शांतता. दोन बाजूंच्या टाळ्या एकमेकींत मिसळून सलग संध्याकाळ तयार करायचा खटाटोप करू नका. ही एक संध्याकाळ नाहीच. 'स्मोक ऑन द वॉटर' ओसाकातल्या १५ तारखेचे. 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोतल्या १७चे. बाकी चारही ओसाकातल्या १६चे. प्रत्यक्ष कार्यक्रमात 'स्मोक ऑन द वॉटर' दुसरे आणि 'चाइल्ड इन टाइम' तिसरे होते. एलपीवर त्यांची अदलाबदल आहे. कार्यक्रमाचा क्रम ठेवला असता तर पहिली बाजू सव्वाचौदा मिनिटांची आणि दुसरी पावणेबावीसची झाली असती. प्रत्यक्षातला क्रम ऐकायचा असेल तर वेगळी प्लेलिस्ट करा, फायलींचे क्रमांक एलपीचेच ठेवा. प्रत्येक गाण्याच्या टॅगमध्ये सभागृह आणि तारीख मात्र जरूर लिहा. कव्हरवरचा फोटो जपानचा नाही, इंग्लंडमधल्या कार्यक्रमाचा आहे, हेही टिपणात असू द्या.

आवाज वाढवायचा तर सगळी एलपी एकत्र निवडून एकदाच, सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलपर्यंत. गाण्यागणिक वाढवलात तर 'चाइल्ड इन टाइम'ची शांत सुरुवात आणि 'हायवे स्टार'चा शेवट यांच्यातली चढण सपाट होते. प्लेयरमध्ये रिप्लेगेन, म्हणजे वाजवताना पातळी आपोआप सारखी करणारी सोय, वापरत असाल तर 'अल्बम' निवडा.

साठवायला फ्लॅक, म्हणजे आवाजातले काहीही न गमावता लहान केलेली फाइल. त्यात गाण्यांचे सांधे अखंड राहतात. एमपी३ च्या प्रत्येक फाइलच्या टोकाला थोडी शांतता चिकटते, आणि काही कार प्लेयर ती दुर्लक्षित करत नाहीत, म्हणून गाडीसाठी प्रत्येक बाजूची एकच फाइल करा. सीडी करायची तर ४४.१ किलोहर्ट्झवर आणल्यानंतर तोडायच्या जागा ५८८ नमुन्यांच्या पटीत ठेवा, मधला पॉज शून्य करा आणि 'डिस्क अॅट वन्स' निवडा. एकूण ७६ मिनिटे भरतात, तेव्हा ७४ मिनिटांची सीडी पुरणार नाही, ८०ची घ्या. ही प्रत स्वतःच्या ऐकण्यापुरती आहे. ती कुठे चढवू नका, संगीताचे हक्क विकत घेतलेल्या रेकॉर्डबरोबर येत नाहीत.

शेवटी हेडफोन लावून चारही बाजू सलग ऐका, एका बैठकीत, पडद्याकडे न बघता. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये गिटार आणि गळा एकमेकांना सवाल-जवाब करतात, तिथे विशेष कान द्या. मधल्या क्षणभराच्या थांब्यांत प्रेक्षकांची हालचाल ऐकू आली पाहिजे. जिथे ती अचानक गप्प होते किंवा टाळीची शेपूट तुटते, तिथली वेळ कागदावर लिहा, कच्च्या फाइलमधून तेवढाच तुकडा परत आणा आणि तो चरा यावेळी हाताने काढा.